शेवटची रांग

४ मार्च
सात सेकंद. मशिदीच्या घुमटाखाली एक टाळी वाजवली, ती विरायला एवढा वेळ लागला. मग इमामसाहेब मिहराबीच्या कोनाड्यापाशी उभे राहून एक वाक्य बोलले. शेवटच्या रांगेत माझ्यापर्यंत वाक्य आलं नाही, नुसता गलका आला. शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले.

विश्वस्तांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर मागे बोलणं नीट ऐकू आलं नाही, तर घुमटाला बत्तीस भोकं पाडून कर्णे बसवायचे. खांबांवर लावून पाहिले होते, गलका वाढला. चारशे वर्षांचा विटांचा घुमट, त्याला गिरमिट!

६ मार्च
मशिदीच्या बांधकामाचा जुना वृत्तान्त वाचला. चार खांब, दोन बाजूंनी रेटा देणारे अर्धे घुमट – हे कॉलेजात शिकले होते. हे मात्र कुणी शिकवलं नाही : बांधणाऱ्यानं घुमटाच्या विटांत चौसष्ट मातीची भांडी बसवली, तोंडं आतल्या बाजूला. घुमणारा आवाज त्यांनी गिळायचा.

आज वर एकही तोंड दिसत नाही.

७ मार्च
परांचीवर चढले. गवंडीमामा बोटानं ठोकत पुढे सरकत होते. एके ठिकाणी पोकळ वाजलं. मुठीएवढं गोल ठिगळ. "तोंड दाबलंय बिचाऱ्याचं," मामा म्हणाले. "कुठल्या शहाण्याचं काम, बाई?"

मी पट्टी काढून माप घेत बसले.

८ मार्च
माझं काम. एकतीस वर्षांपूर्वीचं. पहिली नोकरी, वय चोवीस. कपाटातून नकाशा काढला. प्रत्येक भोकापुढे माझ्या अक्षरात – "चिमण्यांची घरटी. बुजवावे." खाली माझी सही. अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

११ मार्च
पहिलं भांडं उघडलं. काड्या, पिसं, चुन्याची भुकटी. काठाच्या आत कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा. मामांनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. "माझ्यापेक्षा बारीक माणूस होता."

तोंडावर तारेची जाळी बसवली. दोन मिनिटांचं काम. तेव्हा सुचलं नाही.

१५ मार्च
अठरा उघडली. सहा सेकंद.

इमामसाहेब रोज दुपारी शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. ऐंशीचे आहेत, पण कान शाबूत. मामा मिहराबीपाशी उभे राहून घरची भांडणं सांगतात, इमामसाहेब ऐकू येईल ते वहीत लिहितात. आजची नोंद : "– आईनं – कढई – तूच."

मामा म्हणाले, "सगळं ऐकू यायला लागलं तर मला घरात कोण घेईल?"

१९ मार्च
सांगितलं तर विश्वस्त म्हणतील, बुजवणारी हीच आणि उघडणारीही हीच, काढा हिला. काम अर्ध्यावर थांबेल आणि गिरमिट चालेल. हे खरं आहे. मला गप्प राहायला सोयीचं आहे, हेही खरं.

आणि तो म्हातारा रोज खाली बसून माझी चूक कान देऊन ऐकतो.

२२ मार्च
चाळीस. पाच सेकंद. वहीत पहिल्यांदा पूर्ण वाक्य : "तुझ्या आईनं दिलेली कढई तूच घास."

इमामसाहेब हसले. ते हसू मिहराबीपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

२३ मार्च
चिठ्ठी लिहिली, नकाशाची प्रत जोडली, इमामसाहेबांच्या हातात दिली. "उद्याच्या बैठकीत वाचून दाखवा." त्यांनी न उघडताच खिशात ठेवली. "घरी जाऊन वाचतो, चष्मा तिथं आहे."

मामांनाही सांगितलं. ते थापी पुसत म्हणाले, "शहाणा म्हटलं होतं ना मी? मागे घेतो."

२४ मार्च
बैठक. मला बोलावलं नाही. चार वाजले, पाच वाजले. "घरी जा" असं कुणी येऊन सांगेपर्यंत मामा खाली उतरायला तयार नव्हते. तेवढ्यात आणखी चार भांडी उघडली.

कुणी आलं नाही.

२५ मार्च
सकाळी पाकीट आलं. आत एकतीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत – "घुमटातल्या भोकांत चिमण्या घरटी करतात, प्रवचनात व्यत्यय येतो. भोकं त्वरित बुजवावीत." सही इमामसाहेबांची. मागे पेन्सिलीनं : "महिनाभर मीही गप्पच होतो. काल बैठकीत आधी हे वाचून दाखवलं, मग तुमचं. गिरमिट परत गेलं. मी जागेवर बसलोय. वीस राहिलीत."