हाताने दिलेले रंग

प्रिय तन्वी,

तीन वर्षांत तुला फोन खूप केले, पत्र मात्र हे पहिलंच. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान इंदिराकाकू आईच्या हक्काने तुझ्या हातात देतील, तसं मी त्यांना सांगून ठेवलंय.

आधी इंदूरची बातमी देते. पोलोग्राउंडच्या पंपाच्या कारखान्यातलं आपलं सॉफ्टवेअर अजून चालतंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी आपण दोघींनी जावात लिहिलेलं तेच. पंपाचा दांडा मोजायचा, माप कंप्युटरवर टाकायचं, नापास झाला तर ओळ लाल. कारखाना आता भूषण भिया बघतो, पण तपासणीच्या टेबलावर अजून पंढरीनाथजीच आहेत. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे ते तेव्हा आपल्याला दर भेटीत सांगायचे. आताही सांगतात. बसतात तसेच ताठ, शर्टाच्या खिशात मायक्रोमीटर.

दिवाळीनंतर भूषणचा फोन आला. “अस्मिताजी, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे. खराब माल पास होतोय.” मी गेले. सॉफ्टवेअरमध्ये काहीच नव्हतं. मग पंढरीनाथजींच्या मागे अर्धा तास उभी राहिले. मायक्रोमीटर ते डोळ्याजवळ धरून, भिंगाने वाचत होते, माप अगदी बरोबर घेत होते. पण स्क्रीन काही उचलून डोळ्याजवळ आणता येत नाही. कोणता रकाना निवडलाय तेच त्यांना दिसत नव्हतं. बोटांच्या सवयीने आकडे टाकत होते आणि तिसऱ्या दांड्याचं माप चौथ्याच्या नावावर जात होतं.

मी भूषणला खरं ते सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, “गेटवर बसवतो त्यांना. पगार तोच राहील.” पंढरीनाथजी ऐकत होते. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आले आणि म्हणाले, “बेटा, हात अजून चांगले आहेत माझे. केसाइतका फरक बोटाला कळतो. गेटवर मी काय मोजू?”

मी परत फिरले आणि भूषणकडे पंधरा दिवस मागून घेतले.

पंढरीनाथजींना समजावलं की काम तेच राहील, बटणं होती तिथंच राहतील, फक्त सगळ्याचं दिसणं बदलेल. अक्षरं, रंग, रेषा. आमच्या भाषेत याला लुक अँड फील म्हणतात. ते म्हणाले, “म्हणजे मकान तेच, रंगाची पुताई नवी.” तन्वी, कॉलेजात आपल्याला हे एका वाक्यात कुणी सांगितलं असतं तर!

जावाचा साधा लुक पाया म्हणून घेऊन मी स्वतःचा लिहिला. आठ दिवस लागले. मोठ्या ऐटीत कारखान्यात जाऊन बसवला आणि फजिती झाली. स्क्रीनवरची मुख्य खिडकी जुनी, करडी, आणि तिच्यातून उघडणाऱ्या छोट्या खिडक्या तेवढ्या नव्या. मी लुक बसवला होता खिडकी तयार झाल्यानंतर. तू असतीस तर पहिल्याच नजरेत म्हणाली असतीस, अगं, लुकची ओळ सगळ्यात आधी. पाच मिनिटांत दुरुस्त केलं.

तरी मापांचा तक्ता फिकट निळाच राहिला. कारण शोधत बसले. तेव्हा कळलं की तो निळा तू कोडमध्ये हाताने दिला होतास, आणि लिहिणाऱ्याने हाताने दिलेल्या रंगाला नवा लुक हात लावत नाही. एकेचाळीस ठिकाणी होता. तो निळा निवडायला तू एक अख्खी दुपार घालवली होतीस. डोळ्याला थंड वाटला पाहिजे, म्हणत होतीस. मी एकेक ओळ पुसली. पुसताना बरं वाटलं नाही. तुला विचारायला हवं होतं.

मग पंढरीनाथजींना शेजारी बसवलं आणि ते सांगतील तसं करत गेले. “पांढरं नको, आँखों में चुभता है.” काळ्यावर पिवळं केलं. अक्षरं वाढवली तर तक्ता मावेना. म्हणाले, “सगळे दांडे एकदम कशाला दाखवतेस? मी एका वेळी एकच मोजतो.” ओळी उंच केल्या, निवडलेल्या रकान्याभोवती जाड चौकट घातली. त्यांनी मान जराशी वाकडी केली आणि कडेच्या नजरेने पाहिलं. मोठ्याने आकडा वाचला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही बरोबर. भूषण मागे येऊन कधी उभा राहिला, आम्हाला कळलंही नाही. पंढरीनाथजी त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, “चौकट अजून जाड कर.”

याला तीन आठवडे झाले. एकही माप चुकीच्या जागी गेलं नाही. गेटचा विषय भूषणने परत काढला नाही. उलट नवीन लागलेल्या प्रियंकाला पंढरीनाथजींच्या हाताखाली शिकायला बसवलंय.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्यांनी मान वाकडी केली ना, ती मी आधी पाहिली होती. ऑफिस सोडण्याआधी कितीतरी महिने तूही तशीच, स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघायचीस. मी त्याच संध्याकाळी इंदिराकाकूंना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांना मधलं धूसर दिसतं, कडेचं ठीक, चष्म्याचा उपयोग नाही. आणि मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तन्वी, आता काय स्क्रीनच्या आत जाऊन बसणार का?” सगळे हसले. तूही हसलीस. आठ दिवसांनी तू राजीनामा दिलास, आईला मानपुरला एकटं ठेवता येत नाही असं म्हणालीस, आणि मी ते मानून टाकलं, कारण मानणं सोपं होतं. माझं चुकलं, तन्वी. तू माफ कर न कर, मला हे तुला सांगायचं होतं. हे पत्र एवढ्या ठळक, मोठ्या अक्षरांत छापलंय ते तुला स्वतःला वाचता यावं म्हणून. छापणाऱ्या भियाने विचारलं, दीदी, बॅनर लावायचंय का?

पण नुसती माफी मागायला लिहिलेलं नाही. भूषणकडचं काम बघून आणखी दोन कारखान्यांनी तसंच मागितलंय, आणि आपल्या कंपनीने ते घेतलंय. मी ते अंदाजाने करतेय. काय दिसत नाही ते पंढरीनाथजी सांगतात, पण कोडमध्ये कुठे बदलायचं ते त्यांना ठाऊक नाही. मला कुठे बदलायचं ते ठाऊक आहे, पण दिसत नाही म्हणजे काय ते कळत नाही. दोन्ही जाणणारी मला एकच माहीत आहे. तुझी जागा मंजूर झालीय, घरून काम, आठवड्यातून एकदा इंदूर. आपण ज्यात कोड लिहितो तो प्रोग्रॅमही जावातच लिहिलेला, म्हणून त्यालाही मी तोच लुक चढवलाय. रविवारी सकाळच्या बसने लॅपटॉप घेऊन मानपुरला येतेय. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. फक्त त्याआधी दहा मिनिटं त्याच्यासमोर बस, आणि कुठला रंग चुकलाय ते मला सांग.

रागावलीस तरी तुझीच,
अस्मिता