काकूंसमोर न बोललेलं

मंगळवार, १४ ऑक्टोबर, कोलोन

आज समुपदेशक बाईंनी विचारलं, "झोप लागते का?" दुभाषी म्हणून देशपांडे काकू शेजारी बसल्या होत्या. मी म्हणालो, "हो, बरं आहे." का म्हणालो? काम करत होतो त्या हॉटेलातून पळालो तेव्हापासून सलग तीन तास झोपलेलो नाही.

बाई जे ऐकतील तेच पत्रात लिहिणार. ते पत्र शुक्रवारी आउसलेंडरआम्टला, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीला, जाणार, आणि मला इथे राहू देतील की नाही ते त्यावरून ठरणार. आणि मी बाही खाली ओढून सांगितलं काय, तर हॉटेलचे शेठ कधीकधी रागवायचे.

जिन्यात काकू म्हणाल्या, "अरे, मी काय तुझी सासू आहे, इतकं जपून बोलायला?" मी हसलो. बाही मात्र धरूनच होतो.

काकू आईच्या वयाच्या. त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही. लिहिता तरी येईल.

शेठने तापलेला झारा माझ्या हाताला लावला. दोनदा. पासपोर्ट त्याच्याकडे होता, म्हणून मी गप्प राहिलो.

दोनदा वाचून पाहिलं, शुद्धलेखनाची चूक नाही. उद्या पुन्हा बाईंकडे जायचं आहे, तेव्हा हे पान फाडून काकूंच्या हातात देईन. त्या ते बाईंना जर्मनमध्ये वाचून दाखवतील तोवर बाही वर करून बसेन.