बॅनरवरचा चेहरा

२ जुलै
नाकावरची पुटकुळी आता स्वतंत्र राज्य मागतेय! आणि पप्पा आज दारातूनच ओरडले — गावच्या सहकारी दूध मंडळीला पन्नास वर्षं होतायत, पंधरा ऑगस्टला चौकात बॅनर, त्यावर आपली हेतवी, हातात दुधाचा पेला! सेक्रेटरी तेच, मग विचारायचं कुणाला? मला तर नाहीच.

४ जुलै
उपाय सापडला! पिंपल्स तिखट-तळलेल्याने येतात, असं सगळेच म्हणतात. परवापासून गौरीमातेचं, गोरमाचं व्रत. मीठ बंद, मिरची बंद, फरसाण बंद. टोपलीत गव्हाचे जवारे पेरले. चांगला नवरा मिळावा म्हणून करतात म्हणे. नवरा राहू दे — गोरमा, आधी गाल बघ!

८ जुलै
मीठ नाही म्हणून सगळं दुधात. सकाळी दूध-भाखरी, दुपारी बासुंदी, संध्याकाळी खीर. "आपल्या जमनाचं दूध आहे पोरी, पी!" इति बा, माझी आजी. (म्हशीचं कौतुक बाला पप्पांपेक्षा जास्त — आणि पप्पा तिचा सख्खा मुलगा!) मग स्वतःचा पेला घेऊन ती मागच्या ओट्यावर जाऊन बसली, रोजच्यासारखी.

११ जुलै
व्रत संपलं. जवाऱ्यांपेक्षा माझ्या गालांवरचं पीक जोरात!! मम्मी म्हणाली, "उष्णता." बा म्हणाली, "दूध कमी पडलं."

१४ जुलै
आणंदला डॉक्टरबाईंकडे. व्रतात काय खाल्लं ते ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवलं. "सगळ्यांना नाही, पण काहींचे दुधाने वाढतात. महिनाभर सोडून बघ." मलमही दिलं. मग पप्पांना — "आपण काय करता?"
पप्पा म्हणाले, "शेती."

१५ जुलै
घरात सुतक. बा कडाडली, "आपल्या चरोतर मुलखातली मुलगी आणि दूध सोडणार? जमनाला काय तोंड दाखवू मी?" जमना निवांत रवंथ करत होती. मी मात्र मोरीत जाऊन रडले. मी काय मुद्दाम करतेय? आरशाची भीती मला वाटते, जमनाला नाही.

२८ जुलै
काळा चहा. कडू! बाचा अबोला. बोलली ती फक्त टोमणा मारायला — "आपली मीनी बघ, दुधावर कशी गुटगुटीत झालीय!" खरंय. एवढी जाड मांजर अख्ख्या गावात नाही.

९ ऑगस्ट
नाक मोकळं झालं! गाल हाताला मऊ लागतात. दूध सोडल्याने की मलमाने, देव जाणे. पण आज फोटो होता. फोटोवाला म्हणाला, "बेन, एक घोट घ्या, ओठावर मिशी येऊ दे." मी पेला खाली ठेवला. "नाही पिणार." पप्पा लालबुंद. "सगळ्या मंडळीसमोर माझं नाक कापणार तू!"
आणि बा उठली. पदर सारखा केला, पेला उचलला. "माझा काढ रे. दात नाहीत, पण मिशी येईल."

१५ ऑगस्ट
बॅनर लागला. बा, मिशीसकट! 'पंचाहत्तरीतही रोज एक पेला!' लोक येऊन पाया पडले.
संध्याकाळी मागच्या ओट्यावर बाने मला बोलावलं आणि माझ्यासमोर तिचा पेला मीनीच्या वाटीत ओतला. "सासरी आले तेव्हापासून पचत नाही मला. म्हशींच्या घरात सांगणार कुणाला? त्या फोटोच्या घोटाने दोन दिवस पोट धरून होते."
मग माझा अर्धा काळा चहा स्वतःच्या बशीत ओतून घेतला.