तळ्याखालच्या गावाचे प्रश्न

प्रिय एवारिस्तो,

"कोरं पान म्हणजे मुलाला काहीही कळलेलं नाही. त्यावर हुज्जत नको," असं तू मला एकदा म्हणाला होतास. तेव्हा आपलं लग्नही ठरलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून आपण उत्तरपत्रिका तपासत होतो आणि मी एका कोऱ्या पानाला अर्धा गुण द्यायला निघाले होते. "अर्धा कशाबद्दल? कागद स्वच्छ ठेवला म्हणून?" असं तू विचारलंस आणि मी इतकी हसले की भाजलेल्या मक्याची टोपली लवंडली. पुढे तू राजधानीत परीक्षा कार्यालयात गेलास. सगळ्या देशातल्या मुलांना वाचलेलं कळतं की नाही, हे ठरवणाऱ्यांत तुझी गणना झाली. मला अभिमान होता. अजूनही आहे.

इकडची खबर सांगते. तुझ्या आईचे गुडघे थंडीत फार दुखले. आता बरं आहे, पण तळ्याच्या बाजूची खिडकी ती उघडू देत नाही. बटाट्याची पेरणी सुरू झाली आहे. वासराला तू ठेवलेलं नाव कुणालाच उच्चारता येत नाही, त्यामुळे सगळे त्याला 'परीक्षक' म्हणतात. आणि माझा वर्ग बंद होतो आहे. माध्यमिकचा पहिला वर्ग, यंदाचा. वाचन-आकलनाच्या चाचणीत आम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर आलो. त्या पायरीचं नाव 'आरंभापूर्वी' असं आहे. तूच कधीतरी सुचवलं असशील, तुझ्यासारखंच वाटतं. सलग तिसऱ्या वर्षी निकाल खालावला म्हणून वर्ग खालच्या शहरातल्या शाळेत जोडायचा, असं पत्र आलं. शहरात मुलांनी राहायचं कुठे, ते पत्रात नाही. एर्मेलिंदाच्या आईला मी समजवायला गेले, तर ती लोकर विंचरता विंचरता म्हणाली, "समजावू नका हो बाई. पोरगी शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासणार, नाहीतर इथे मेंढ्या राखणार. मेंढ्या तरी आपल्या आहेत." एर्मेलिंदा दारातच उभी होती. माझ्या वर्गात तिच्याइतकं वाचणारं कुणी नाही. दुकानातून आणलेल्या साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून वाचते. ती माझ्याकडे बघत होती. मी चहा न घेता उठले.

चाचणीचा दिवस तुला सांगायला हवा. कडाक्याची थंडी होती, शाई गोठू नये म्हणून मुलं पेनं काखेत धरून बसली होती. शहरातून एक तरुण तपासनीस आला होता, पातळ बुटांतला, सारखा पाय आपटणारा. मुलांनी पुस्तिका उघडल्या. बसचं वेळापत्रक होतं, त्याचे प्रश्न सगळ्यांनी सोडवले. गिनीपिग पाळण्याची माहिती होती. त्यावर रुफीनो हळूच म्हणाला, "हे ज्यानं लिहिलंय त्याचे गिनीपिग उपाशी मेले असणार," आणि वर्ग खुसखुसला. मग पाचवं पान आलं आणि हसू थांबलं. एकेकानं वाचलं, मान वर केली, शेजाऱ्याकडे पाहिलं. मग एर्मेलिंदानं पुस्तिका मिटून बाकावर पालथी घातली. तिच्यामागून सगळ्यांनी.

मला वाटलं छपाई चुकली असेल. मी जाऊन पाहिलं. पाचव्या पानापासून शेवटपर्यंत एकच मजकूर होता, आणि निम्म्याहून जास्त प्रश्न त्याच्यावरच. तळ्याखालच्या गावाची दंतकथा. लग्नाच्या मेजवानीत शेंबडा, फाटका म्हातारा येतो, कुणी त्याला बसायला जागा देत नाही. एकटी स्वयंपाकीण त्याला वाढते. तो तिला म्हणतो, पोराला पाठीशी बांध आणि डोंगर चढ, मागे बघू नकोस. ती बघते. गाव पाण्याखाली जातं आणि ती दगड होते. ही गोष्ट कितीतरी तळ्यांची आहे. पण स्वयंपाकिणीच्या हातात लाकडी डाव राहून जातो आणि तो मात्र दगड होत नाही, एवढं फक्त तुझी आई सांगते. मी ते वाक्य दोनदा वाचलं. हा मजकूर तूच लिहिला होतास. पुस्तिका आदल्या वर्षीच छापून बंद पेटीत जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणजे तू तो लिहिलास तेव्हा आपली देल्मिरा प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात होती. यंदा ती माझ्या वर्गात येणार, पुस्तिका उघडणार आणि तिला आजीची गोष्ट सापडणार. कुणाला न सांगता तू लेकीसाठी खाऊ लपवून ठेवावा तसं ते ठेवलं होतंस. मला खात्री आहे, लिहिताना तू एकटाच हसला असशील.

तपासनीस माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, यांना वाचता येतं ना?" एर्मेलिंदा उभी राहिली. "वाचलं सर. पण ही गोष्ट आत्ता सांगत नाहीत." तो म्हणाला, "सांगायची कुठे आहे? लिहायची आहे." रुफीनो बसल्या जागेवरून म्हणाला, "लिहिणं म्हणजे सांगणंच की सर." "आणि का नाही सांगत?" तपासनीसानं विचारलं. एर्मेलिंदानं एकवार माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "बाई इथे आहेत, सर." त्यानं बिचाऱ्यानं सरळ मनानं विचारलं, "मग बाई थोडा वेळ बाहेर गेल्या तर?" त्यावर ती म्हणाली, "तळं तर इथेच असणार ना."

तू या गावचा आहेस, तुला अर्थ सांगायला नको. तळ्यानं कुणाला नेलं आणि परत दिलं नाही, तर वर्ष पालटेपर्यंत ही गोष्ट काठावर कुणी काढत नाही. तुझी आई म्हणते, बुडालेलं माणूस वाट शोधत असतं. त्याच्या कानावर खालच्या गावाचं नाव पडलं की ते तिथेच राहायला लागतं, वर यायचं विसरतं. मी शिकलेली बाई, मी मानत नाही. पण त्या दिवशी त्या मुलांनी थंडीत बसून देल्मिरासाठी वाट उघडी ठेवली होती. तिची जागा दुसऱ्या रांगेत आहे. तिथे कुणी बसत नाही, आणि त्या बाकावरही कुणीतरी पुस्तिका पालथी घातली होती.

मार्चमध्ये, शाळेचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा, त्या दुपारी देल्मिरा वेताची होडी घेऊन गुरांसाठी लव्हाळी कापायला गेली, तशी रोजच जायची. वारा फिरला. होडी सापडली. तू आलास, चार दिवस तुझ्या भावांबरोबर गळ टाकत फिरलास, पाचव्या दिवशी म्हणालास, "मला कामावर जायला हवं," आणि निघून गेलास. मी तुला अडवलं नाही. मला वाटलं, प्रत्येकाचं रडणं वेगळं असतं. फोनवर आपण वासराबद्दल बोलतो, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. तिचं नाव तू घेत नाहीस म्हणून मीही घेत नाही.

आता मी हे का लिहिते आहे ते सांगते. मुलांना कळलं नव्हतं असं नाही, वर्गात मृत्यू झाला होता, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडून पाठवला. कार्यालयानं ऐकलं तर ते पान वगळून निकाल लावतील आणि वर्ग वाचेल, असं ते म्हणाले. परवा त्यांना तुमच्या कार्यालयातून फोन आला. तिथला गृहस्थ हसत होता म्हणे. "कोण मेलं म्हणता? एवारिस्तोची मुलगी? अहो, ती इथे राजधानीत शिकते, बापाजवळ. कालच सांगत होता, तिला नवे बूट घेतले, पाय वाढतो आहे तिचा. तुमच्या बाईंना सांगा, वर्ग वाचवायला माणसं मारू नका." मुख्याध्यापकांनी हे मला खाली मान घालून सांगितलं. एवारिस्तो, मी चिडले नाही. मी घरी आले आणि त्या बुटांचा रंग कोणता असेल, याचाच विचार करत बसले. तुझ्याजवळ ती आहे, तिचा पाय वाढतो आहे, आणि ते मी तुझ्याकडून काढून घ्यायला निघाले आहे. त्याबद्दल तू मला कधीच माफ करणार नाहीस. पण एर्मेलिंदा खरीच दारात उभी आहे. महिनाअखेरीला अर्ज निकालात निघेल. त्याआधी एकदा त्या गृहस्थाच्या टेबलापाशी जा आणि त्याला तुझ्या तोंडानं सांग, की आपली देल्मिरा बुडाली. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. तरी सांग.

तुझीच,
हुस्तिना