बांबूपलीकडची पावलं

३ ऑगस्ट
एकोणीस मीटर! परवा पंचवीस होतं. धाकट्या भावाची झोपडी ते नदीचा काठ. तेवीस वर्षं पाटबंधारे खात्यात नदीच मोजतेय, मला कुणी शिकवू नये. म्हटलं, उचल बाडबिस्तरा, माझ्याकडे ये. नुसता हसला. भिक्षू झाल्यापासून हे हसणं फार वाढलंय.

५ ऑगस्ट
पंधरा.
बाराच्या आत जेवायला आला. मुकाट्यानं खाल्लं, मग नेहमीप्रमाणे परसात येरझाऱ्या. मान खाली, तोंडानं पुटपुट — बांबूच्या बेटात शिरतो, परत येतो. ध्यान म्हणे! मी भांडी आपटली, तरी ढिम्म.
जाताना म्हणाला, "ताई, नदी दाखव बरं. पाणी पुढं गेलं. गाळ डोंगराचा. काठ कालचा नाही. मग नदी म्हणायचं कशाला?"
"माझ्या कपाळाला!"
"घराचंही तेच. विटा काढल्या, कौलं काढली, की..."
"खबरदार! एकटीनं उभं केलंय हे घर."
"परसात जाऊन बघ कधीतरी."
बांबू काय बघायचे? आला मोठा प्रवचन देणारा.

८ ऑगस्ट
नऊ. आज खोटं बोलले — सहा सांगितलं, घाबरून तरी निघेल म्हणून. "नऊ आहे, ताई. मीही मोजतो." मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर रागही! मोजतोस, मग हलत का नाहीस?
"तू निघालीस की निघतो."
मी कशाला निघू? आईला शब्द दिलाय, याला सांभाळीन. हा सांभाळू देईल तर शपथ!

९ ऑगस्ट
पाच. हात जोडले. हसला नाही आज.

१० ऑगस्ट
झोपडी गेली. सातला धावत पोचले, तर काठावर वासासुद्धा नाही. हाका मारून घसा बसला. कशीबशी घरी आले — हा माझ्या परसात उभा! चिंब भिजलेला. थोबाडीत मारली. भिक्षूच्या! मग तिथंच खाली बसून रडले.
"रड नंतर. कागदपत्रं घे, चल," म्हणाला. "सांगितलं होतं, तुला प्रवचन वाटलं." आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं.

१० ऑगस्ट, संध्याकाळ
शाळेच्या वर्गात बसून लिहितेय. चारला माझं घर गेलं, बांबूसकट.
त्या भिंतीवर कोळशानं, तिथून बांबूमागच्या नदीकाठापर्यंतची रोजची पावलं मांडलेली होती — तीस, चोवीस, सतरा, अकरा, चार. ध्यान नव्हतंच ते.
माझी टेप तिकडे एकदाही गेली नव्हती.