खंदकातला आवाज

प्रिय ताई,

तुझं मागचं दार आता नीट लागतं ना? रविवारी रात्री जेवताना हे सांगत होते, दार खालून फुगलं होतं, सकाळभर बसून रंध्याने तासून दिलं. मग मी तुला फोन केला, तर तूही म्हणालीस, आता एका बोटाने लागतं गं. फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. कारण ताई, रविवारी सकाळभर हे कुठे होते ते मला पक्कं ठाऊक आहे. मीही तिथेच होते. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल दवाखान्यात एका आजोबांच्या उजव्या कानाची नोंद डाव्या कानाखाली केली, नशीब लगेच ध्यानात आलं. हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर तू मला मध्येच तोडलं असतंस आणि मी किंचाळले असते. म्हणून लिहिते आहे. पाणी घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

झालं असं, की आमच्या दवाखान्याला एका रायफल क्लबाचा निरोप आला. सभासदांचे कान तपासून द्या, आणि आम्ही कानांवर जी आवरणं घालतो ती पुरेशी आहेत का तेही बघून सांगा. ऐकण्याच्या चाचण्या माझ्याकडे असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. यांना मी जेवताना सांगितलं, रविवारी एका रायफल क्लबात जायचंय म्हणून. हे ताटाकडे बघत जेवत राहिले. गाडीत पुन्हा सांगितलं. हे समोरच्या सिग्नलकडे बघत राहिले. तुला मी तेव्हाच फोनवर म्हटलं होतं बघ, भिंतीशी बोलले असते तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता. तीस वर्षांच्या संसारानंतर माणूस बायकोला उत्तरसुद्धा देईनासा होतो, याचा अर्थ काय घ्यायचा? म्हणून तर पहिल्या तारखेपासून तुझ्या वरच्या खोलीत राहायला यायचं ठरवलं. तू लगेच ये म्हणालीस, खोलीला रंग काढलास, मी पडद्यांचं कापड आणलं. यांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं तरी हे ताटाकडेच बघणार, असं मनात म्हणायची.

तर रविवारी हे नेहमीप्रमाणे ताईंकडे जातो म्हणून लवकर निघाले, आणि नंतर मी माझी यंत्रं घेऊन क्लबात गेले. पत्र्याची एक शेड, जमिनीवर अंथरलेल्या चटया, आणि पुढे नुसतं मोकळं रान. पार टोकाला मातीचा उंच बांध, त्यावर मोठे आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली पांढरा फलक. त्या फलकावरचा काळा गोल इथून बघितला तर कुणीतरी मिरी चिकटवली असावी असं वाटत होतं. जवळजवळ अर्धा किलोमीटर अंतर. मी म्हटलं, हे लोक खरंच तिथवर नेम धरतात? त्या दिवशी नेमका नवशिक्यांचा वर्ग होता. शिकवणाऱ्या सत्तरीच्या, काटकुळ्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. तिथे झाडून सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मिशीवाले पुरुषसुद्धा. मी शेडमध्ये आवाजाची मापं घेत बसलेली त्यांना बघवेना. म्हणाल्या, मापाने आकडा कळेल, आवाज कळायचा नाही, एक चटई रिकामी आहे, या आडव्या व्हा. मी इस्त्रीच्या कपड्यांत होते. तरी गेले. का गेले कोण जाणे. घरात कुणी हाक मारत नसलं की परक्याचीही हाक गोड लागत असावी.

बाईंची शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. आधी कितीतरी वेळ गोळीच नाही. नळीचं तोंड कायम फलकांकडे, बोट घोड्यापासून लांब, गोळी आत सारायचा बोल्ट उघडा, आणि मी म्हणेन तेव्हाच बंद, हे आमच्याकडून घोकून घेतलं. माझ्या शेजारी एक ट्रकवाले होते, त्यांनी बंदूक हातात असताना मागे वळून शंका विचारली, तर बाईंनी त्यांना वर्गाबाहेर उभं करावं तसं उठवून उभं केलं. मग झोपायचं कसं, डावं कोपर कुठे, पट्टा दंडाला कसा आवळायचा, गाल लाकडावर कसा टेकवायचा. मागच्या बारक्या भोकातून बघायचं, पुढच्या कड्यात तो काळा गोल मधोमध आणायचा, श्वास अर्धा सोडायचा, आणि बोट असं हळूहळू दाबायचं की गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. त्यांनी आणखी एक समजावलं. त्या बांधाआड खोल खंदक आहे, त्यात माणसं असतात. गोळी लागली की ती फलक खाली ओढतात, भोकात रंगीत खूण अडकवतात आणि फलक पुन्हा वर करतात. खंदकातून वायरलेसवर बोलणं चालतं. गोळ्या त्यांच्या डोक्यावरून जातात, पण मध्ये इतकी माती आहे की केसालाही धक्का लागायचा नाही.

मला पाच नंबरचा फलक दिला होता. कानात बोळे, वरून आवरण, तरी पहिल्या गोळीचा धक्का खांद्यातून थेट दातांत गेला. फलक हललासुद्धा नाही. बाईंच्या गळ्यातला वायरलेस खरखरला आणि आतून आवाज आला, ‘पाच नंबर, वरून गेली, मातीत. हरकत नाही म्हणावं, आमची माती तक्रार करत नाही.’

ताई, माझं आयुष्य आवाजांत गेलंय. आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही, विश्वास बसायलाच वेळ लागला. हे होते. आमचे हे! मी स्वतःलाच म्हटलं, आवाजासारखा आवाज असतो. तेवढ्यात पुन्हा खरखर झाली. ‘त्यांना म्हणावं, गोळी सुटायच्या आधीच डोळा मिटला असणार. आवाजाला भिऊ नका, तो तुमच्या मागे राहतो. आणि घाई कुणाला आहे?’ घाई कुणाला आहे! लग्नानंतर मला गाडी शिकवताना दर वळणावर हे असंच म्हणायचे, शेवट असाच वर उचलून. वाक्याच्या शेवटी हसलेही. तो हसण्याचा आवाज मी घरात किती वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो मातीच्या ढिगाआडून, परक्या बाईच्या गळ्यातून मला ऐकू येत होता.

मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मी आत्ता यांच्या डोक्यावरून गोळी झाडली. स्वतःच्या नवऱ्याच्या. बाईंनी माझा चेहरा पाहिला, काही न विचारता बोल्ट उघडला, बंदूक बाजूला ठेवली आणि पाणी दिलं. त्यांना वाटलं मी आवाजाने घाबरले. मला धीर द्यायला म्हणून त्या बोलत राहिल्या. म्हणाल्या, अहो, खंदकात आमचा हुकमी माणूस आहे, कित्येक वर्षं एक रविवार चुकवला नाही. स्वतःही उत्तम मारतो, पण नवशिके आले की मुद्दाम खाली जाऊन बसतो, लोकांची पहिली गोळी बघायला त्याला आवडतं. फार बोलका, फार गमत्या. फक्त वायरलेस उजव्या कानाला लावावा लागतो बिचाऱ्याला, डावा केव्हाच गेलाय. आणि बघा ना, तुमच्या तपासणीच्या यादीत तेवढं एकट्यानेच नाव दिलं नाही, दवाखाना कुठला तेही ऐकून घेतलं नाही, तुम्हीच समजवा त्याला.

डावा केव्हाच गेलाय. हे मला एका परक्या बाईकडून कळलं. ताई, मी जेवायला यांच्या डावीकडे बसते. गाडीत यांच्या डावीकडे असते. झोपते डावीकडे. तीस वर्षं माझी बाजू ठरलेली आहे! फोन हे उजव्या कानाला लावतात, म्हणून फोनवर ठणठणीत. सोफ्यावर बसले की टीव्ही उजव्या हाताला, म्हणून टीव्हीही ठीक. आणि मी? मी रोज दवाखान्यात तणतणत आलेल्या बायकांना समजावते, अहो, ते तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाहीत, त्यांना ऐकूच येत नाही, रागावू नका. किती जणींना हे सांगितलं असेन! आणि घरी येऊन मी पडद्याचं कापड मोजत होते.

यांनी क्लबाचं का लपवलं, तेही तुला माहीत आहेच. लग्न झालं तेव्हा हे रायफल चालवायचे, मी नवी नवी शिकून आलेली, हौसेने यांचे कान तपासले. उजव्या हाताने रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला येतो, आवाजाचा मार आधी तो खातो. यांच्या ऐकण्याच्या तक्त्यात डाव्या कानाच्या रेषेला छोटासा खड्डा दिसला, आणि मी सांगून टाकलं, आजपासून बंद. यांनी हू की चू न करता रायफल विकली. मला वाटलं विषय मिटला. तो मिटला नव्हता, तुझ्या घरच्या नळांत आणि दारांत जाऊन बसला होता. भाऊजी गेल्यापासून दर रविवारी तुझं काही ना काही दुरुस्त होतंय, माझा मोरीतला नळ मात्र वर्षभर गळतोय. मला तुझा हेवा वाटायचा गं! आता कळतंय की मी तपासायला बसा म्हटलं की हे का उठून जायचे. तक्ता पाहिला की पहिल्या नजरेत मला कळलं असतं.

तुझा मला भयंकर राग आला आहे, तोही सांगून टाकते. यांनी शपथ घातली असेल, गयावया केली असेल, पण इतकी वर्षं? मी राहायला येते म्हटल्यावरही तुझी जीभ रेटली नाही? एक मात्र मान्य करते, कानाचं तुलाही कळलं नसणार. तू बोलतेस तेव्हा शेजारच्या गल्लीतली माणसंही हो म्हणतात, तुझ्यापुढे कोण बहिरा ठरणार!

चटईवर मी पुन्हा आडवी झाले. बाईंनी खूप वेळ नुसता श्वासच घ्यायला लावला. मग झाडली. खंदकातून हे बोलत राहिले, किती बोलत राहिले! वारा उजवीकडून आहे, वारा दाखवणारं ते निशाण खाली पडलं की मग दाबा म्हणावं. आत्ताची चांगली, खांदा सैल सोडा म्हणावं. एका परक्या, न पाहिलेल्या माणसासाठी इतकी माया. मी रडत होते आणि भोकातून काही दिसत नव्हतं. शेवटची गोळी कशी कोण जाणे काळ्यात बसली. फलक वर आला, आणि हे लहान मुलासारखे ओरडले, ‘पाच नंबर, मधोमध! कोण आहेत हो? पुढच्या रविवारी नक्की या म्हणावं.’ खंदकातली माणसं वर यायच्या आत मी यंत्रं गोळा करून पळाले.

रात्री जेवताना मी खुर्ची बदलली. उजवीकडे बसले आणि मुद्दाम हळू, ताटातच बघत विचारलं, आमटीत मीठ जास्त झालंय का. हे लगेच म्हणाले, नाही, बेताचं आहे, पण तू आज इकडे कशी? आणि मग तुझ्या दाराची ती लांबलचक गोष्ट सुरू झाली. धडधडीत खोटं बोलत होते ताई, आणि मी एकेक शब्द घोटाघोटाने पीत होते. अधूनमधून मी काहीबाही विचारलं, प्रत्येक वेळी उत्तर आलं. हातातला घास तसाच राहिला माझ्या. पण लगेच दुसरी भीती बसली. गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आणि उजवा कान दर रविवारी त्या खंदकात बसतोय, एका साध्या आवरणाखाली. क्लबातली सगळी आवरणं मी तपासली आहेत. पुरेशी नाहीत.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. वरची खोली दुसऱ्या कुणाला तरी दे, मी येत नाही. येत्या रविवारी हे तुझं नाव सांगून निघतील आणि यांच्या पाठोपाठ मीही निघेन. बाईंना सांगून पाच नंबरची चटई ठेवून घेतली आहे. तू यांना यातलं अक्षरही कळवायचं नाहीस. इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोललीस, आता चार दिवस यांच्याशी बोल, सवय आहेच तुला. बंदूक सोडा असं मी आता म्हणणार नाही. तिथे जो माणूस हसतो तो मला घरी हवा आहे, आणि ऐकता कान असलेला हवा आहे. म्हणून पहिली गोळी भरायच्या आधी मी बाईंच्या गळ्यातला वायरलेस मागून घेईन. काय बोलायचं ते कधीचं ठरलंय. अहो, पाच नंबर बोलतेय. मी आहे. आज घरी लवकर चला, कान तपासायचे आहेत.

तुझीच, अजून न निवळलेली,
धाकटी