‘जेवलीस का’ ही ओळ गाळू नये

मंगळवार, दिनांक ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी बँकेत जाऊन खात्यावरून थोरल्या बहिणीचं, ताईचं नाव कमी केलं. येताना दवाखान्यात थांबले. मन ठिकाणावर असल्याचा दाखला हवा होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आज वार कोणता?” म्हटलं, “मंगळवार. तुमचं कॅलेंडर मात्र अजून ऑक्टोबरातच आहे.” त्यांनी सही केली. दुपारी लिहायला बसले.

मी, वय अडुसष्ट, अविवाहित, कोर्टातील निवृत्त लघुलेखिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. दमलेली आहे, पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. राहतं घर, खोल्या दोन, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, आमच्या चिमणीला. मोरीचा नळ उलट्या बाजूने बंद होतो, हे घर भाड्याने दिल्यास भाडेकरूला आधी सांगावं.

२. धाकट्या भावाला वडिलांची सुतारकामाची पेटी. रंधा त्याने दोनदा मागितला होता, मी दिला नाही. कारण त्याला माहीत आहे. आता न्यावा.

३. बाहेरच्या खोलीतलं लोखंडी कपाट, त्यातल्या टेपा आणि टाइप केलेल्या कागदांसह. ताई मुलांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेत होती. इंटरनेटवरून मुलांना जाळ्यात ओढल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसांना ती तुरुंगात भेटे आणि ओळख कशी वाढवलीत, हे विचारी. संस्थेच्या परवानगीने त्या मुलाखतींच्या टेपा मी घरी टाइप करत असे. कोर्टातली सवय अशी, की नमस्कार-चमत्कार गाळायचे आणि मुद्द्याचं तेवढं ठेवायचं. माणसं सांगत, “मी आधी विचारायचो, जेवलीस का, शाळा कशी झाली.” मला ते पाल्हाळ वाटे. मी गाळत गेले.

एका रविवारी चिमणी फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. तेव्हा बारा वर्षांची होती.

“आत्या, गेममधला एक दादा रोज विचारतो, जेवलीस का. आईसुद्धा एवढं विचारत नाही.”

मी भांडी पुसत होते. म्हटलं, “बरंय की. कुणीतरी विचारतंय.”

ताईने बाहेरून ऐकलं. येऊन तिच्याशेजारी बसली. “आणखी काय म्हणतो गं तुझा दादा?”

“म्हणतो, आईला सांगू नको, ती उगाच काळजी करेल. परवा फोटो मागितला. मी नाही दिला. तो चिडेल का?”

“चिडू दे. तुझं काही चुकलेलं नाही. सांगितलंस, फार बरं केलंस.”

त्याच दिवशी भावाला बोलावून तक्रार नोंदवली. माणूस सापडला. वय त्रेचाळीस. पोलीस ठाण्याच्या पायरीवर भाऊ म्हणाला, “तुम्ही दोघी ही घाण घरात आणता, म्हणून.” दहा वर्षं झाली, त्याने आमचा उंबरठा ओलांडलेला नाही. ताई गेली तेव्हा बाहेर रस्त्यावर उभा होता. चिमणी मात्र येत राहिली.

तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी ताईने माझे कागद पुढ्यात घेऊन टेपा पुन्हा ऐकल्या. एकोणचाळीस जणांपैकी एकतीस जणांनी त्याच प्रश्नाने सुरुवात केली होती. कागदावर तो कुठेच नव्हता. ताई रागावली नाही. “पुन्हा टाइप कर. खोकलासुद्धा ठेव.” चौदा महिने लागले.

त्यातून शाळांसाठी कार्ड निघालं: ‘कुणी रोज विचारेल, जेवलीस का. विचारणं वाईट नाही. पण तोच म्हणाला, घरी सांगू नको, की लगेच सांग. चूक तुझी नाही.’ एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पहिली ओळ काढा. माया करणाऱ्यावर मुलांनी संशय घ्यायचा का?” ताई म्हणाली, “माया करणारा आईपासून लपवायला लावत नाही, बाई.” ओळ राहिली. आता ताई नाही, आणि संस्थेच्या नव्या नमुन्यात ती ओळ नाही. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

म्हणून: टेपा त्या माणसांना दिलेल्या शब्दाप्रमाणे पुसून टाकाव्यात. टाइप केलेले कागद संस्थेला द्यावेत, एकही शब्द न गाळता. कार्डाचा हक्क ताईने माझ्या नावे केला होता, तो मी चिमणीला देते. ही ओळ ठेवून कोणीही छापावं, काढून कोणीही छापू नये. माझी शिल्लक छपाईसाठी वापरावी.

चिमणे, तू लोकांना सांगतेस की मोठ्या आत्याने वाचवलं. त्या रविवारी मी काय म्हटलं होतं, तो विषय तू कधी काढला नाहीस. विसरली असशील तर वर लिहिलं आहे. तोंडाने सांगायला जमलं नाही.

४. माझे कपडे कुणाला द्यायचे ते द्यावेत. शोकसभा नको.

ठिकाण : राहते घर. वेळ सायंकाळी साडेपाच.
सही, लिहून देणार.
साक्षीदार : डॉक्टरीणबाई, घरी येऊन सही. शेजारचे शिंपीकाका, सही.

सह्यांनंतरची नोंद : चपला घालता घालता शिंपीकाकांनी विचारलं, “जेवलात का?” म्हटलं, “नाही अजून.” ते गेल्यावर सकाळचं गरम केलं, एकच ताट घेतलं आणि जेवले.